स्प्रेडशीटमधील घातांक आणि सुपरस्क्रिप्ट चिन्हे : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

एकके, भौतिक स्थिरांक आणि रूपांतराचे गुणक एकत्र ठेवणारे एक वर्कबुक, म्हणजे अनेक पानांची एक्सेल फाइल, आम्ही अनेक जण वापरतो. त्यात वर्ग, घन आणि दहाचे घात लिहिण्याची एकच शिस्त आणणे हे या प्रकल्पाचे काम आहे. आजवर ज्याने त्याने आपापल्या सवयीने लिहिले असल्यामुळे एकाच स्तंभात कुठे ‘मी२’, कुठे ‘मी^२’, कुठे ‘मी²’ तर कुठे ‘चौ. मी.’ असे आढळते. वाचणाऱ्याला चारही प्रकार कळतात. पण एककानुसार गटवार बेरीज करायला घेतली की तीच बेरीज तुकड्यातुकड्यांत हाती येते.

आज स्थिरांकांचे पान बारकाईने पाहिले. ॲव्होगॅड्रो स्थिरांकाच्या सेलमध्ये ६.०२२१४०७६×१०²³ असे नीटनेटके दिसते, परंतु त्या सेलवर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत पाहिले, तर तिथे ६.०२२१४०७६×१०२३ एवढेच आहे. शेवटचे दोन अंक केवळ फॉन्टच्या सजावटीने वर चढवलेले आहेत आणि सूत्रपट्टी ती सजावट दाखवत नाही. सूत्रपट्टीत दिसते तेच सेलमध्ये साठवलेले आहे. शिवाय तो आशय संख्या नसून मजकूर आहे, त्यामुळे त्याला दोनने गुणू म्हटले, तर एक्सेल चूक दाखवते.

म्हणून पुढचे सगळे निर्णय एका प्रश्नावर बेतायचे ठरवले आहे: वर चढवलेला अंक हा त्या ठिकाणी मूल्याचा भाग आहे, एककाचा भाग आहे, की नुसती खूण आहे? या तिन्हींना वेगवेगळी वागणूक द्यावी लागेल.

नोंदी वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा: फंक्शनांची नावे, कळा आणि सेलचे पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष सूत्रात नावे व पत्ते रोमन लिपीत आणि अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपात टाइप करायचे आहेत.

५ फेब्रुवारी

फॉन्टची सजावट नेमकी कुठे टिकते आणि कुठे गळून पडते, हे आज तपासले. रीत सर्वांच्या ओळखीची आहे: सेलमध्ये एफ२ दाबून शिरायचे, हवा तो अंक शिफ्ट आणि बाणाच्या कळेने निवडायचा, कंट्रोल आणि १ दाबून फॉरमॅट सेल्सची खिडकी उघडायची, आल्ट आणि ई दाबून सुपरस्क्रिप्टच्या, म्हणजे वर चढवलेल्या अक्षराच्या, चौकोनात खूण करायची आणि एंटर दाबायचे. खाली उतरवलेल्या अंकासाठी आल्ट आणि बी आहे. सवय झाली की हात आपोआप चालतो, आणि जुन्या पानांवर याच रीतीचा इतका सुळसुळाट का आहे ते समजते.

ही सजावट फक्त मजकुराच्या सेलमध्ये एखाद्या अक्षरापुरती लावता येते. संख्येच्या सेलमध्ये एकच अंक वर चढवू पाहिला, तर एंटर दाबल्यावर तो पुन्हा बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसतो. सूत्राच्या उत्तरालाही हाच नियम लागू आहे, कारण सूत्र मूल्य देते, अक्षरांचे रूप देत नाही. म्हणून ‘बरोबर ए२’ असे साधे सूत्र लिहून दुसऱ्या पानावर तोच मजकूर आणला, किंवा अँड चिन्हाने तो दुसऱ्या मजकुराला जोडला, की १०²³ चे १०२३ होते. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवल्यावर किंवा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची फाइल, म्हणून जतन केल्यावरही तेच घडते. घातांक नाहीसा झाला असता तर तो निदान लक्षात आला असता. इथे तो मुख्य संख्येत मिसळतो आणि तयार होणारी नवी संख्याही दिसायला अगदी साधी असते, हीच मोठी अडचण आहे. १०⁵ चे १०५ झालेले पाहून कोणाची भुवई उंचावणार नाही.

ऋण घातांकाच्या बाबतीत प्रकरण आणखी पुढे जाते. गुणकांच्या पानावर १०⁻³ असा एक सेल आहे, ज्यातला खरा मजकूर १०-३ असा आहे. ती सीएसव्ही फाइल पुन्हा एक्सेलमध्ये उघडल्यावर तो मजकूर तारीख म्हणून वाचला जातो, आणि संगणकाच्या प्रादेशिक मांडणीनुसार १० मार्च किंवा ३ ऑक्टोबर होऊन बसतो. तारीख होण्याची ही खोड इतकी जुनी आणि चिवट आहे की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये आपल्या नियमांतच तिची दखल घेतली. ‘मार्च१’ हे जनुक ‘मार्चएफ१’ झाले आणि ‘सेप्ट१’ हे ‘सेप्टिन१’ झाले. एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे काही बदल बंद करण्याची सोय २०२३ मध्ये आली, परंतु ती ज्याच्या त्याच्या संगणकावर लावावी लागते, म्हणून सामायिक फाइलने तिच्यावर विसंबून राहणे योग्य नाही.

निर्णय: फॉन्टच्या सजावटीने चढवलेला एकही अंक या वर्कबुकात राहणार नाही.

६ फेब्रुवारी

‘इन्सर्ट’मधील इक्वेशनचा पर्याय एका सहकाऱ्याने सुचवला. त्यात घातांक सुरेख दिसतात, पण ते समीकरण पानावर तरंगणाऱ्या चौकटीत राहते, सेलमध्ये जात नाही. क्रमवारी लावली की तक्ता सरकतो आणि चौकट आपल्या जागी राहते. पर्याय सोडून दिला.

१० फेब्रुवारी

सजावटीला पर्याय म्हणजे युनिकोडमधील, म्हणजे सर्व लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संचातील, स्वतंत्र सुपरस्क्रिप्ट चिन्हे. ‘²’ हा लहान केलेला २ नसून स्वतःचा क्रमांक असलेले वेगळे चिन्ह आहे. त्यामुळे सूत्रातून, साध्या मजकुरातून किंवा आलेखाच्या शीर्षकातून जाताना ते चिन्ह म्हणूनच जाते. एक्सेल २०१३ पासून असलेले युनिचार हे फंक्शन क्रमांक दिला की चिन्ह देते, आणि गूगल शीट्स व लिबरऑफिस कॅल्क यांतही ते याच नावाने आहे. कॅर हे जुने फंक्शन मुद्दाम टाळले आहे, कारण ते विंडोज आणि मॅक यांच्या वेगवेगळ्या वर्णसंचांवर अवलंबून असते.

क्रमांकांची मांडणी मात्र सरळ नाही, आणि सूत्रे लिहिणाऱ्याने ती समजून घेतलीच पाहिजे. वर चढवलेल्या शून्याचा क्रमांक ८३०४ आहे, चारचा ८३०८ आणि तिथून ओळीने नऊचा ८३१३. त्यापुढे अधिक चिन्ह ८३१४, उणे चिन्ह ८३१५, बरोबरचे चिन्ह ८३१६ आणि कंस ८३१७ व ८३१८ येतात. शून्य ८३०४ आणि चार ८३०८ असे पाहून कोणीही ‘८३०४ अधिक अंक’ असे सूत्र लिहील, आणि ते शून्यासाठी व चार ते नऊसाठी बिनबोभाट चालेल. पण ८३०५ या जागी एकचे चिन्ह नसून वर चढवलेले रोमन आय आहे, आणि ८३०६ व ८३०७ या जागा रिकाम्या आहेत. एक, दोन आणि तीन यांची चिन्हे त्याआधीच्या लॅटिन-१ या वर्णसंचातून आलेली आहेत: दोन १७८ वर, तीन १७९ वर आणि एक १८५ वर. युनिकोडने आपले पहिले २५६ क्रमांक लॅटिन-१ प्रमाणेच ठेवल्यामुळे ही तीन चिन्हे जुन्याच घरी राहिली आणि बाकीची नव्या वस्तीत गेली. वापरात सर्वांत जास्त येणारे वर्ग आणि घन नेमके याच खिंडारात पडतात.

यावर उपाय म्हणून क्रमांकांचा हिशेब करण्याऐवजी ⁰¹²³⁴⁵⁶⁷⁸⁹ ही दहा चिन्हांची ओळ ‘मदत’ पानावरील एका सेलमध्ये ठेवली आणि त्या सेलला ‘घातचिन्हे’ असे नाव दिले. हव्या असलेल्या अंकात एक मिळवून मिड फंक्शनने त्या ओळीतून एक चिन्ह उचलायचे: =मिड(घातचिन्हे, अंक+१, १). सूत्र वाचणाऱ्याला क्रमांक पाठ असण्याची गरज उरत नाही.

हाताने टाइप करायचे असेल, तर विंडोजमध्ये अंकपट्टीवर आल्टसह ०१७८ ने ², ०१७९ ने ³ आणि ०१८५ ने ¹ येते. चारपासून पुढची चिन्हे या मार्गाने एक्सेलमध्ये मिळत नाहीत. आल्टसह ८३०८ दाबून ⁴ ची वाट पाहू नये. त्यांच्यासाठी ‘इन्सर्ट’मधील सिम्बॉलच्या खिडकीत सुपरस्क्रिप्ट आणि सबस्क्रिप्टचा वेगळा विभाग आहे.

१४ फेब्रुवारी

आजचे काम सर्वांत उपयोगी ठरेल असे वाटते. एकक संख्येच्या शेजारी दिसले पाहिजे आणि तरीही सेलमध्ये निखळ संख्याच राहिली पाहिजे, या मागणीला कस्टम संख्या-स्वरूप हे नेमके उत्तर आहे. क्षेत्रफळाच्या स्तंभाला ०.००" मी²" असे स्वरूप दिले. आता १२.५ टाइप केले की सेलमध्ये १२.५० मी² दिसते, सूत्रपट्टीत १२.५ राहते आणि बेरीज बिनतक्रार होते. स्वरूपाच्या चौकटीत ² लिहिताना आल्टचा क्रमांक चालतो, किंवा ‘मदत’ पानावरून ते चिन्ह उचलून चिकटवता येते. एकक दुहेरी अवतरणात ठेवण्याची शिस्त पाळावी, म्हणजे त्यातले एखादे अक्षर तारखेचा किंवा वेळेचा संकेत म्हणून वाचले जाण्याची शक्यता राहत नाही.

खरी कसोटी तळटिपांच्या खुणांनी लावली. मोजमापांच्या पानावर काही आकड्यांना तळटीप आहे, आणि ती दाखवण्यासाठी आकड्याच्या शेवटी १ जोडून तो वर चढवलेला आहे. ४,५२१ या आकड्याला अशी टीप लावली, तर सेलमधला मजकूर ४,५२११ होतो. सजावट जागेवर आहे तोवर तो मजकूर असल्यामुळे सम फंक्शन त्याला गुपचूप वगळते आणि एकूण बेरीज ४,५२१ ने कमी येते. सजावट गळाली आणि एखाद्या आयात प्रक्रियेने त्याची संख्या केली, तर बेरीज दहापटीच्या मापाने फुगते. दोन्ही प्रकारांत बेरजेच्या सेलमध्ये चुकीची कोणतीही खूण दिसत नाही, म्हणून हा दोष मी साध्या विद्रूपतेपेक्षा कितीतरी गंभीर मानतो.

त्याऐवजी त्या एका सेलला #,##०"¹" असे स्वरूप दिले. मूल्य ४५२१ राहते, डोळ्यांना ४,५२१¹ दिसते. मात्र उजवीकडे जुळवलेल्या स्तंभात या एका खुणेमुळे एककस्थानचा अंक डावीकडे सरकतो आणि आकड्यांची उभी रांग मोडते. संख्या-स्वरूपात अधोरेखेनंतर एखादे चिन्ह लिहिले की त्या चिन्हाच्या रुंदीएवढी कोरी जागा सुटते, हे इथे कामी आले: टीप नसलेल्या बाकीच्या सेलना #,##०_¹ असे स्वरूप दिले की खुणेएवढी जागा तिथेही मोकळी राहते आणि सगळे अंक पुन्हा एकाखाली एक येतात.

मूल्यानुसार खूण बदलायची असेल, तर चौकोनी कंसात अट लिहिता येते, पण एका स्वरूपात दोनच अटी बसतात आणि उरलेले सारे तिसऱ्या भागात जाते. आमच्या कामाला तेवढे पुरते.

१९ फेब्रुवारी

स्थिरांकांच्या पानाचा आराखडा ठरला. मूल्याच्या स्तंभात संख्या टाइप करायची ती ई-पद्धतीने, म्हणजे ६.०२२१४०७६ नंतर रोमन ई आणि २३. एक्सेल ती लगेच संख्या म्हणून स्वीकारते. विज्ञानातील प्रचलित रूप, म्हणजे ६.०२×१०²³, कोणत्याही तयार संख्या-स्वरूपातून मिळत नाही, त्यामुळे ते शेजारच्या स्तंभात सूत्राने तयार करायचे आहे. तो स्तंभ केवळ वाचण्यासाठी असून त्यात कोणी हाताने काही लिहायचे नाही.

सूत्राची पहिली कल्पना अशी असते की लॉग१० घेऊन घातांक काढावा आणि संख्येला दहाच्या त्या घाताने भागून पुढचा भाग मिळवावा. ही वाट दोन ठिकाणी अडते. मूल्य शून्य असेल, तर लॉग१० चूक देते. आणि ९९९६०० सारखी संख्या दोन दशांशांपर्यंत आणताना १०.००×१०⁵ असे अशोभनीय रूप मिळते, कारण घातांक आधी ठरतो आणि पूर्णांकन नंतर होते. म्हणून पूर्णांकनाचे काम आधीच टेक्स्ट फंक्शनकडे सोपवले: =टेक्स्ट(ए२,"०.००ई+००"). याचे उत्तर वरील संख्येसाठी १.००ई+०६ आणि शून्यासाठी ०.००ई+०० येते, म्हणजे दोन्ही अडचणी उगमातच मिटतात.

पुढचे सोपे आहे. फाइंडने त्या मजकुरातील ई ची जागा शोधायची, लेफ्टने तिच्या आधीचा भाग घ्यायचा, मिडने नंतरचा भाग घेऊन तो व्हॅल्यूमधून काढायचा, म्हणजे +०६ चे ६ आणि -३४ चे -३४ होते. मग ‘घातचिन्हे’ या ओळीच्या आधाराने प्रत्येक अंकाची अदलाबदल करायची आणि साध्या उणे चिन्हाऐवजी ८३१५ क्रमांकाचे ⁻ ठेवायचे. ही अदलाबदल सब्स्टिट्यूट एकात एक गुंफून जुन्या आवृत्तीतही होते. नव्या आवृत्तीत रिड्यूस आणि लॅम्डा यांनी ती एका ओळीत मावते. फाइल जुन्या संगणकांवरही उघडली जाणार असल्यामुळे मी गुंफलेले लांब सूत्रच ठेवले आहे.

प्लँक स्थिरांकाच्या सेलवर चाचणी घेतली: मूल्य ६.६२६०७०१५ई-३४, शेजारी तयार झालेले रूप ६.६३×१०⁻³⁴. दोन्ही हवे तसे आहेत.

२४ फेब्रुवारी

आज दिसण्याचा विषय बाजूला ठेवून प्रत्यक्ष घात करण्याची सूत्रे तपासली. स्प्रेडशीटमध्ये घातासाठी ^ हे चिन्ह किंवा पॉवर हे फंक्शन वापरतात. १९६३ च्या आस्की या जुन्या वर्णसंचात या चिन्हाच्या जागी वर जाणारा बाण होता आणि १९६७ च्या आवृत्तीत त्याची जागा ^ ने घेतली. वर चढणाऱ्या घातांकासाठी बाण अधिक बोलका होता, असे मला वाटते.

या चिन्हाचे दोन नियम कागदावरच्या गणितापेक्षा वेगळे आहेत. पहिला ऋण चिन्हाचा. कागदावर उणे दोनाचा वर्ग कंसाशिवाय लिहिला, तर आधी वर्ग आणि मग उणे असा क्रम धरून उत्तर उणे चार येते. एक्सेलमध्ये =-२^२ चे उत्तर ४ येते, कारण संख्येला चिकटलेले उणे चिन्ह तिथे घाताच्या आधी लागू होते; =०-२^२ लिहिले तर मात्र उणे चार. हा फरक पाठ्यपुस्तकी वाटतो, परंतु आमच्या वर्कबुकात तो एका गंभीर ठिकाणी लागू होतो. प्रसामान्य वितरणाच्या सूत्रात उणे क्षचा वर्ग भागिले दोन हा ई या गणिती स्थिरांकाचा घातांक असतो. तो =एक्स्प(-ए२^२/२) असा लिहिला आणि ए२ मध्ये २ असेल, तर मिळायला हवे होते सुमारे ०.१३५३, आणि मिळते सुमारे ७.३८९. वक्र मध्यापासून दूर जाताना खाली यायच्याऐवजी वर उसळतो. योग्य लेखन =एक्स्प(-(ए२^२)/२) असे आहे. या वर्कबुकात घाताच्या आधी उणे चिन्ह आले, तर कंस सक्तीचा केला आहे.

दुसरा नियम घातावर घात असण्याचा. =२^३^२ याचे उत्तर एक्सेलमध्ये ६४ येते, कारण ते डावीकडून उजवीकडे जाते; गणितात रूढ अर्थ दोनचा नववा घात, म्हणजे ५१२, असा आहे. घनमुळासाठीही कंस हवाच: =८^(१/३) चे उत्तर २, पण =८^१/३ म्हणजे आठ भागिले तीन.

२८ फेब्रुवारी

देवनागरी मजकुराशी या चिन्हांचे जमते कसे, हा प्रश्न मराठी शीर्षके असलेल्या पानांसाठी महत्त्वाचा आहे. ⁵ सारखी चिन्हे आंतरराष्ट्रीय अंकांचीच आहेत. घातांक म्हणून लिहिता येतील असे वर चढवलेले देवनागरी अंक युनिकोडमध्ये नाहीत. शोध घेताना मात्र एक सुंदर गोष्ट दिसली. ‘देवनागरी विस्तारित’ या विभागात शून्य ते नऊ असे देवनागरी अंक अक्षराच्या डोक्यावर बसणाऱ्या रूपात आहेत. ते २००९ मध्ये युनिकोड ५.२ सोबत आले आणि सामवेदाच्या पाठातील स्वरांच्या खुणांसाठी आहेत. त्यांचा घातांकासाठी वापर करणे चुकीचे ठरेल: ते आधीच्या अक्षराच्या बाजूला न बसता त्याच्या माथ्यावर बसतात, आणि फार थोड्या फॉन्टांत ते असतात.

म्हणून आधार देवनागरीत असला तरी घातांक आंतरराष्ट्रीय अंकांतच, म्हणजे १०⁵ असा लिहायचा हे ठरले. डोळ्यांना हे मिश्रण सुरुवातीला खटकते, तरी चिन्ह टिकण्याला मी अधिक महत्त्व देतो. सलग मजकुरात ‘चौरस मीटर’ किंवा ‘चौ. मी.’ हीच रूपे ठेवावीत. ती अधिक मराठमोळी आहेत आणि त्यांना वर चढवण्यासारखे काही नाही. मी/से² किंवा किग्रॅ/मी³ अशा जोड एककांत मात्र चिन्हाला पर्याय नाही.

फॉन्टचीही एक गोष्ट पाहावी लागते. काही फॉन्टांत ¹ ² ³ ही तीनच चिन्हे असतात आणि बाकीची संगणक दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणतो. मग ²³ एका उंचीवर आणि ⁴⁵ दुसऱ्या उंचीवर असे दिसते. संपूर्ण वर्कबुकासाठी असा फॉन्ट निवडला आहे ज्यात दहाही चिन्हे आणि ⁻ आहे. ‘मदत’ पानावरची चिन्हांची ओळ एका उंचीवर दिसते का, एवढे पाहिले की फॉन्टची परीक्षा होते.

५ मार्च

सीएसव्हीची चाचणी. ² हे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची चिन्हे फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, दोन बाइटांनी साठवले जाते, आणि फाइल कोणत्या पद्धतीची आहे हे एक्सेलला कळले नाही, तर ते पहिल्या बाइटाचे वेगळे अक्षर करून टाकते; मग मी² च्या मध्ये टोपी घातलेला एक परका रोमन ए दिसू लागतो. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडला की ही अडचण येत नाही. साध्या सीएसव्हीत, म्हणजे पाश्चात्त्य भाषांच्या १२५२ या जुन्या संचात, ² आणि ³ यांना जागा आहे, पण ⁵ ला नाही, आणि देवनागरीलाही नाही.

याहून खोल धोका पुढच्या प्रणालींत असतो. मजकूर एकसारखा करण्यासाठी काही प्रणाली युनिकोडचे एनएफकेसी हे सामान्यीकरण वापरतात आणि त्यात ⁵ चा सरळ ५ होतो. म्हणजे चिन्ह वापरूनही १०⁵ चे १०५ होऊ शकते. त्यामुळे बाहेर द्यायच्या फाइलमध्ये वाचण्याचा स्तंभ पाठवायचाच नाही, फक्त ई-पद्धतीची संख्या आणि एककाचा स्तंभ पाठवायचा, असा नियम केला आहे.

१० मार्च

आलेखांचे काम थोडक्यात आटोपले. शीर्षक सेलशी जोडलेले असेल, तर सेलमधली फॉन्टची सजावट आलेखात येत नाही, पण चिन्हे येतात. लॉग मापाच्या अक्षावर १०², १०³ अशी नावे हवी असतील, तर अक्षाची मूळ नावे लपवायची, एक अदृश्य मालिका त्या जागांवर आखायची आणि तिची लेबले ‘सेलमधील मूल्ये’ या पर्यायाने वाचण्याच्या स्तंभातून घ्यायची. हा पर्याय एक्सेल २०१३ पासून आहे.

१२ मार्च

जुन्या पानांतली सजावट शोधून काढण्याचे काम सूत्रांनी होत नाही, कारण अक्षराचा फॉन्ट सूत्राला दिसत नाही. त्यासाठी लहान मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिला. सेलच्या फॉन्टचा सुपरस्क्रिप्ट हा गुण विचारला की सगळी अक्षरे सारखी असल्यास हो किंवा नाही, आणि मिश्र असल्यास नल, म्हणजे यांपैकी काहीच नाही, असे उत्तर मिळते. नल किंवा हो आलेल्या सेलमध्ये मॅक्रो एकेक अक्षर तपासतो आणि चढवलेल्या अंकाऐवजी योग्य चिन्ह बसवतो. चिन्ह बसवल्यावर त्या सेलची सजावट काढून टाकणे आवश्यक आहे, नाही तर मुळातच लहान असलेले ² आणखी वर चढून ठिपक्याएवढे होते.

दहाचा घात असलेले सेल मात्र मॅक्रोकडे सोपवले नाहीत. तिथे १०²³ म्हणून काय म्हणायचे होते ते वाचून, प्रत्येक मूल्य ई-पद्धतीने नव्याने भरले आणि दुसऱ्या व्यक्तीने ते मूळ संदर्भाशी ताडून पाहिले.

एककांच्या स्तंभाला ठरलेल्या नोंदींतूनच निवडू देणारी डेटा व्हॅलिडेशनची यादी लावली आहे, म्हणजे मी², मी³, से⁻¹ ही रूपे कोणाला टाइप करावी लागणार नाहीत, निवडावी लागतील. बाहेरून चिकटवलेला मजकूर ही यादी ओलांडून आत येतो, हे ध्यानात ठेवायला हवे. त्यासाठी तपासणीच्या पानावर शेवटच्या अक्षराचा क्रमांक दाखवणारे =युनिकोड(राइट(बी२,१)) हे सूत्र ठेवले: वर्गाच्या चिन्हासाठी १७८ अपेक्षित आहे, ५० आले तर तो साधा दोन आहे, आणि १३२१७ आले तर पूर्व आशियाई फॉन्टांतले, मीटर आणि दोन एकाच चौकोनात बसवलेले चिन्ह आहे. मूल्यांच्या स्तंभात मजकूर शिरला आहे का, हे आयएसटेक्स्ट मोजून त्याच पानावर दाखवले जाते. तिथे शून्याशिवाय काहीही आले, तर सेल लाल होतो.

१७ मार्च

स्थिरांकांचे पान पूर्ण झाले आणि सर्वांना खुले केले. शेवटची तपासणी संख्या खरोखर संख्याच आहेत का, याची होती. २०१९ पासून एसआय पद्धतीत ॲव्होगॅड्रो आणि बोल्ट्झमान हे दोन्ही स्थिरांक नेमक्या मूल्यांना बांधलेले आहेत, आणि त्यांचा गुणाकार म्हणजे वायू स्थिरांक. ६.०२२१४०७६×१०²³ आणि १.३८०६४९×१०⁻²³ हे जिथे साठवले आहेत त्या दोन सेलचा गुणाकार मागितला. २३ आणि उणे २३ हे घातांक एकमेकांना छेदतात, आणि उत्तराच्या सेलमध्ये ८.३१४४६२६१८ आले. त्या सेलला ०.०००००००००" जूल·मोल⁻¹·केल्विन⁻¹" असे स्वरूप दिले आणि पान कुलूपबंद केले; मूल्यांचा आणि एककांचा स्तंभ मात्र भरण्यासाठी खुला ठेवला आहे.